आकडा आष्टीपर्यंत पोचताना

२०१७च्या जुलै महिन्यात माजलगाव तालुक्यातल्या आनंदगावचे शेतकरी दिंद्रुडच्या पोलिस ठाण्यात गेले आणि त्यांनी भारतीय हवामान खात्याविरुद्ध तक्रार दिली. पाऊस चांगला होणार असं सांगितलं गेलं, त्यावर विसंबून पेरणी केली, मग पावसाने दडी मारली आणि बी-खताचा पैसा मातीत गेला, असं त्यांचं म्हणणं होतं. ही बातमी लांबून वाचणाऱ्याला नवलाची वाटली असेल, पण तिच्या दोन्ही बाजू नीट तपासण्यासारख्या आहेत. त्या वर्षी खात्याने देशातल्या मोसमी पावसाचा अंदाज एप्रिलमध्ये दीर्घकालीन सरासरीच्या ९६ टक्के असा दिला होता आणि जूनच्या सुरुवातीला तो ९८ टक्क्यांवर नेला होता. चार टक्के इकडे-तिकडे होऊ शकतं, हेही त्याच वेळी जाहीर केलं होतं. सप्टेंबर संपल्यावर देशाचा पाऊस भरला ९५ टक्के, म्हणजे अंदाज आपल्या मर्यादेत बरोबर ठरला. तरीही आनंदगावच्या रानात बी वाळलं, हेसुद्धा तितकंच खरं.

दोन्ही बाजू खऱ्या असताना प्रकरण पोलिसांपर्यंत जातं, तेव्हा मधे जे घडायला हवं होतं ते घडलेलं नसतं. ९८ टक्के हा आकडा साऱ्या देशाचा आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा होता. शेतकऱ्याला जाणून घ्यायचं होतं ते एवढंच, की आज पेरलं तर पुढचे आठ-दहा दिवस माझ्या शिवारात ओल टिकेल का. त्याचं उत्तर त्या आकड्यात नव्हतं, आणि ते त्यात नाही ही गोष्ट त्याच्यापर्यंत पोचली नाही. संशोधकांना आपलं काम लोकांपुढे मांडायला शिकवलं पाहिजे, असं आता आपल्याकडेही म्हटलं जातं. त्यासाठी कार्यशाळा होतात, स्पर्धा होतात, बक्षिसं मिळतात. सोपं बोला, रंजक बोला, चित्रं दाखवा, गोष्ट सांगा, असं तिथे शिकवतात. त्यातलं काही वाईट नाही. पण ही शिकवण बोलणाऱ्याकडून सुरू होते, आणि तिथेच ती चुकते असं माझं मत आहे. ऐकणाऱ्याला कोणता निर्णय घ्यायचा आहे, तो कधीपर्यंत घ्यायचा आहे आणि चुकला तर भुर्दंड कोणाला बसणार आहे, हे आधी ओळखायला संशोधकाला शिकवलं पाहिजे. भाषा, चित्रं, आवाजाचा चढउतार या गोष्टी त्यानंतरच्या.

ही गोष्ट पारखून घ्यायला बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा आष्टी तालुका चांगला आहे. तो सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला, बालाघाटच्या डोंगरउतारावरचा आणि अहिल्यानगर जिल्ह्याला खेटून असलेला तालुका. खाली बेसाल्टचा कातळ, वर कुठे काळी जमीन, तर कुठे मुरमाड. बाजरी, तूर, उडीद, कापूस, कांदा, रब्बीची ज्वारी आणि जोडीला जनावरं. दसरा झाला की ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्या. कारभाराच्या दृष्टीने आष्टी मराठवाड्यात मोडते, म्हणून तिच्यासाठीचा कृषी हवामान सल्ला निघतो परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून. अंतराने आणि पाऊसमानाने मात्र तिला राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ जवळचं. परभणी, हिंगोली, नांदेडकडे पाऊसही जास्त आणि जमीनही भारी. त्यामुळे ‘मराठवाड्यात’ अशी सुरुवात असलेलं वाक्य हिंगोलीत एक सांगतं आणि आष्टीत दुसरंच. सल्ला लिहिणाऱ्या शास्त्रज्ञाला हा फरक पुरता ठाऊक असतो, पण वाक्य विभागासाठी काढायचं असल्यामुळे तो त्यात मावत नाही.

हवामानाच्या बातमीतल्या नेहमीच्या शब्दांचंही असंच आहे. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणजे त्या विभागातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत. ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे ७५ टक्क्यांच्या वर. इतकी काटेकोर मोजणी या शब्दांमागे आहे. ऐकणाऱ्याला ती कोणी सांगत नाही, म्हणून चारातल्या तीन ठिकाणी कोरडं राहणार असल्याची बातमी ‘पाऊस येणार’ म्हणून गावात शिरते. याच्या उलट, कृषी खातं आणि कृषी विद्यापीठं दर जूनमध्ये सांगतात ते वाक्य पाहा: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. या वाक्यात भविष्य नाही, रंजकताही नाही. पण आकडा आहे, तो मोजता येतो आणि तो थेट एका कृतीला जोडलेला आहे. मृगाचा पहिला शिडकावा झाला की तिफण बाहेर काढायची घाई होते. दुबार पेरणीचं संकट बहुतेक वेळा याच घाईतून येतं, आणि नेमक्या त्याच क्षणी हे वाक्य उपयोगी पडतं. कित्येक वर्षांच्या प्रयोगांतून आलेलं मातीतल्या ओलाव्याचं आणि उगवणीचं ज्ञान एका ओळीत बसवणं सोपं नाही. ज्यांनी ते केलं, त्यांनी आधी शेतकऱ्याचा निर्णय ओळखला होता.

हे जिथे होत नाही तिथली जागा रिकामी राहत नाही. मोबाइलवर फिरणारे खासगी अंदाज तारखेनिशी पाऊस सांगतात, गावाचं किंवा पट्ट्याचं नाव घेऊन सांगतात, आणि फोन केला तर उत्तरही देतात. त्यामागे शास्त्र किती असतं हा प्रश्न वेगळा. पण ते ऐकले जातात याचं कारण लोकांचा अडाणीपणा नाही. लोकांना ज्या नेमक्या गोष्टीवर निर्णय घ्यायचा आहे, त्याच गोष्टीवर ते बोलतात, हे त्याचं कारण. मात्र खात्रीचा आव आणून मन राखणं हा संशोधकासाठी मार्ग नव्हे, आणि त्याचे परिणाम जगाने पाहिलेले आहेत. इटलीतल्या लाक्विला शहरात २००९च्या एप्रिलमध्ये भूकंप होऊन तीनशेहून अधिक माणसं गेली. त्याआधी काही महिने तिथे छोटे धक्के बसत होते आणि लोक घाबरले होते. तज्ज्ञांच्या बैठकीच्या सुमारास एका अधिकाऱ्याने लोकांना निश्चिंत राहायला सांगितलं. २०१२मध्ये सहा शास्त्रज्ञ आणि हा अधिकारी अशा सात जणांना शिक्षा झाली. २०१४मध्ये वरच्या न्यायालयाने शास्त्रज्ञांना निर्दोष सोडलं, अधिकाऱ्याची शिक्षा कमी केली पण कायम ठेवली. भूकंपाचं भाकीत करता येत नाही, हे शास्त्र तेव्हाही स्पष्ट होतं. लोकांना घराबाहेर झोपायचं की आत, हे ठरवायचं होतं, आणि त्या प्रश्नाला मिळालेलं दिलाशाचं उत्तर शास्त्रातून आलेलं नव्हतं.

संशोधकांच्या मांडणीसाठी आज जगात सर्वांत गाजलेली स्पर्धा आहे ‘थ्री मिनिट थीसिस’. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने तीन मिनिटांत, एकाच स्थिर चित्राच्या आधारे, आपला प्रबंध सामान्य श्रोत्यांना सांगायचा. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८मध्ये ती सुरू केली. तिचा उगम आष्टीच्या वाचकाला जवळचा वाटावा असा आहे. क्वीन्सलँडमध्ये तेव्हा तीव्र दुष्काळ होता, पाणी वाचवण्यासाठी लोकांनी तीन मिनिटांत अंघोळ उरकावी असं आवाहन होतं आणि अनेकांनी न्हाणीघरात तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ लावलं होतं. ते पाहून तिथल्या एका अधिष्ठात्यांना ही कल्पना सुचली. आपल्याकडे केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २०१८मध्ये ‘अवसर’ ही योजना आणली. पीएच.डी. करणाऱ्यांनी आपल्या संशोधनावर सोपा लेख लिहायचा, पहिल्या लेखाला एक लाख रुपये. दोन्ही उपक्रमांनी हजारो तरुण संशोधकांना आपलं काम नेमकं काय आहे हे स्वतःशी स्पष्ट करायला लावलं, आणि ते मोलाचं आहे. पण दोन्हींत निवाडा करतात ते परीक्षक. वाळू संपली की बोलणं संपतं, आणि श्रोत्यांना त्या तीन मिनिटांनंतर काही ठरवायचं नसतं.

इथे विज्ञानाच्या दोन प्रकारच्या गोष्टींत फरक केला पाहिजे. एक कुतूहलाची, एक निर्णयाची. कुतूहलाची परंपरा मराठीत भक्कम आहे. ‘सृष्टिज्ञान’ मासिक १९२८पासूनचं, मराठी विज्ञान परिषद १९६६ची. परिषदेच्या १९७४च्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा आली आणि तिला बक्षीस मिळालं. लेखक निघाले डॉ. जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी करून त्यांनी ते नाव घेतलं होतं, म्हणजे कथेची पारख तिच्या बळावरच व्हावी. पुढे पुण्याच्या आयुकात शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं सुरू झाली, मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली. पण कृष्णविवराबद्दल ऐकून कोणाला दुसऱ्या दिवशी काही पेरायचं नसतं. तिथे थोडं ढोबळ सांगितलं तरी नुकसान होत नाही. पाणी, पाऊस, रोग, औषध, बियाणं यांचं तसं नाही. तिथे वगळलेली एक अट कोणाचा तरी हंगाम घेऊन जाते. मांडणीचं बहुतेक प्रशिक्षण पहिल्या प्रकारावर बेतलेलं आहे आणि तेच दुसऱ्याला लावलं जातं. माझी मुख्य तक्रार हीच आहे.

निर्णयाच्या विज्ञानात ऐकणाऱ्याकडेही ज्ञान असतं, आणि ते संशोधकाला लागतं. याचं सर्वांत बोलकं उदाहरण इंग्लंडच्या कंब्रिया भागातल्या मेंढपाळांचं. १९८६च्या एप्रिलमध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली, मे महिन्यात पावसाबरोबर किरणोत्सारी सीझियम कंब्रियाच्या डोंगरांवर उतरलं, आणि जूनमध्ये मेंढ्यांच्या विक्रीवर बंदी आली. तीनेक आठवड्यांत किरणोत्सार उतरेल, असं सरकारी शास्त्रज्ञांनी सांगितलं. तो उतरला नाही. त्यांचं गणित चिकणमातीवर केलेल्या अभ्यासावर उभं होतं, आणि डोंगरावरची जमीन होती आम्लधर्मी, कुजलेल्या वनस्पतींच्या थराची. तिथे सीझियम मातीत घट्ट न बसता पुन्हा पुन्हा गवतात चढत होतं. मेंढ्या खालच्या कुरणात ठेवा म्हणावं, तर खालचं गवत काही दिवसांत संपेल, हे प्रत्येक मेंढपाळाला माहीत होतं. त्याला कोणी विचारलं नाही. समाजशास्त्रज्ञ ब्रायन विन यांनी या सगळ्याचा अभ्यास केला. काही शेतांवरची शेवटची बंधनं उठायला २०१२ साल उजाडलं. आष्टीतही मुरमाड रानात वापसा लवकर येतो आणि ओल लवकर उडते, काळ्या रानात दोन्ही उशिरा. एकाच गावात दोन प्रकारच्या जमिनी असणाऱ्या शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. सल्ला देणाऱ्याने मात्र ते विचारून घ्यावं लागतं.

आपल्या लोकांना आकडे झेपत नाहीत, असा आक्षेप इथे हमखास येतो. तो खोडायला आष्टीहून फार लांब जायला नको. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारमध्ये गेली कित्येक वर्षं पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. गावात पडलेला पाऊस मोजतात, विहिरींची पातळी मोजतात, पिण्यासाठी, जनावरांसाठी आणि शेतीसाठी किती पाणी आहे याचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवतात, आणि त्या वर्षी कोणती पिकं घ्यायची ते त्यावरून ठरतं. उसाला आणि केळीला बंदी, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाचा यात मोठा वाटा आहे. त्यांना पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. पण विज्ञानाच्या मांडणीच्या दृष्टीने इथली खुबी वेगळी आहे. भूजलशास्त्र इथे व्याख्यानाच्या रूपात येत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या मदतीने ते एका प्रश्नाच्या रूपात येतं: यंदा रब्बीत गहू करायचा का? मिलिमीटर, मीटर, घनमीटर हे सगळे शब्द त्या प्रश्नाच्या मागे मागे येतात आणि लोक ते आपसूक शिकतात.

हीच यंत्रणा राज्यभरातल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते आणि तालुक्याची पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा किती मीटरने खाली गेली ते सांगते. आष्टीचा आकडा वाचून जिल्हाधिकारी कार्यालय टँकरची तयारी करू शकतं. ज्याला बोअर घेण्यासाठी कर्ज काढायचं आहे, त्याला त्यातून काहीच कळत नाही. बेसाल्टमध्ये पाणी साठतं ते झिजलेल्या थरात आणि भेगांत, त्यामुळे एका बांधावर पाणी लागतं आणि शंभर फुटांवर धूळ उडते. तालुक्याचा सरासरी आकडा त्याच्या बोअरबद्दल का बोलत नाही, एवढं जरी कोणी गावात उभं राहून समजावलं तरी कोणाचे तरी लाखभर रुपये वाचतील.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो शास्त्रज्ञ स्वतःच घेतात. सोपं करताना शास्त्र खोटं होतं. अनिश्चितता सांगितली तर लोक ऐकत नाहीत, न सांगितली तर फसवणूक होते. यावर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या कामाचं उदाहरण घेऊ. या संस्थेने २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यांत सोलापूरच्या पर्जन्यछायेत ढगांत क्षारकणांची फवारणी करून पाहिली. काही ढगांत कण सोडले, काही ढग तुलनेसाठी तसेच ठेवले. योग्य ढग निवडून फवारणी केली, तर सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात पाऊस सरासरी १८ टक्क्यांनी वाढला, असा निष्कर्ष २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. ‘कृत्रिम पावसाला यश’ हा त्याचा मथळा होऊ शकतो, आणि दुष्काळी तालुक्यात तो मथळा म्हणजे विमानाची वाट पाहत बसण्याचं आमंत्रण. पण हीच गोष्ट अशीही सांगता येते: आकाश कोरडं असेल तर विमान काही करू शकत नाही. ढग योग्य असेल आणि एरवी २० मिलिमीटर पडला असता, तर साडेतेवीसच्या आसपास पडेल, तोही दर वेळी नाही. त्यामुळे चारा आणि पिण्याचं पाणी यांचं नियोजन फवारणी होणार नाही असं धरूनच करा. यात शास्त्र कुठे खोटं झालं? उलट अट, मर्यादा आणि प्रमाण तिन्ही आत आले, आणि ऐकणाऱ्याला पुढे काय करायचं तेही कळलं. ज्या भागात पिढ्यान्‌पिढ्या लोक पावसाशी पैज लावून शेती करतात, तिथे शक्यतेची भाषा परकी नसते. लोकांना राग येतो तो शक्यता खात्री म्हणून खपवली गेल्याचा.

प्रमाण कसं सांगायचं, यावर तर पक्का अभ्यास आहे. टक्क्यांपेक्षा ‘इतक्या जणांत इतके’ असं सांगितलं तर डॉक्टरांनाही धोका जास्त नीट समजतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगरेन्झर यांनी दाखवलं. १९९५मध्ये ब्रिटनमध्ये नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका दुप्पट होतो, अशी सूचना निघाली. धोका होता सात हजार बायकांत एकीला, तो झाला सात हजारांत दोघींना. ‘दुप्पट’ हा शब्द ऐकून असंख्य बायकांनी गोळ्या थांबवल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये गर्भपात हजारोंनी वाढले. बीडमधलं दुःख याहून खोल आहे. २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजार ८००हून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. सहा जणींत जवळजवळ एक. ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ अशी भीती घातल्याचं कितीतरी जणींनी सांगितलं. अंगावरून पांढरं जाणं किंवा पोटात दुखणं, या तक्रारी घेऊन आलेल्या किती बायकांना खरोखर कर्करोग निघतो, शस्त्रक्रिया न करता काय उपाय आहेत, आणि तरुणपणी गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले तर हाडांवर काय परिणाम होतो, हे सगळं वैद्यकशास्त्राला माहीत आहे. कोयत्यावर जाणाऱ्या बाईला उचल घेण्याआधी हे कोणी सांगितलं असतं, तर तिच्या हाती निदान एक प्रश्न आला असता. अशा प्रत्येक पाहणीचा पहिला श्रोता मंत्रालयात नसतो. ती जिच्यावर केली, ती बाई पहिली.

मग कोणी म्हणेल, की संशोधकाने संशोधन करावं. लोकांना सांगायला पत्रकार आहेत, कृषी सहायक आहेत, आशाताई आहेत. हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. मधली माणसं हवीतच. म्हणूनच देशभरातल्या कृषी विज्ञान केंद्रांत असलेले १९९ जिल्हा कृषी हवामान कक्ष २०२४मध्ये बंद झाले, याचं वाईट वाटतं. तालुक्याच्या पातळीवर, स्थानिक भाषेत सल्ला देणं हेच त्यांचं काम होतं. केंद्राची विज्ञान प्रसार ही संस्थाही १९८९पासून चालत येऊन २०२३मध्ये गुंडाळली गेली. दुसरीकडे यंत्रं वेगाने सुधारत आहेत. पुण्यातच घडवलेली, सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देणारी ‘भारत’ ही प्रणाली २०२५च्या मे महिन्यात सुरू झाली, आणि ग्रामपंचायतीच्या पातळीवरचे अंदाजही आता मिळतात. अंदाज बारीक झाला की सांगण्याची गरज संपते, असं यामागे गृहीत धरलेलं दिसतं. मला ते पटत नाही. अंदाज गावाच्या नावाने येऊ लागला की चुकल्याचा दोषही गावाच्या नावाने मोजला जाईल. मधल्या माणसाला सांगायचं तरी संशोधकानेच, कारण निष्कर्षाच्या अटी फक्त त्यालाच ठाऊक असतात. त्याने त्या नीट सांगितल्या नाहीत तर पुढच्या प्रत्येक टप्प्यावर त्या गळत जातात.

बोलणं ही उपजत देणगी आहे, शिकवून येत नाही, हेही खरं नाही. मायकेल फॅरडेच्या व्याख्यानांना लंडन लोटायचं, आणि त्याने त्यासाठी वक्तृत्वाच्या शिक्षकाकडे रीतसर धडे घेतले होते. ग्रामीण श्रोत्याला धीर नाही असं म्हणणाऱ्यांनी सप्ताहातल्या कीर्तनाला एकदा बसावं. दोन-दोन तास गहन निरूपण ऐकणारी माणसं तिथे असतात. गाडगेबाबा तर कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारत आणि त्यांच्या उत्तरांवरून पुढे जात. आधी विचारायचं आणि मग सांगायचं, ही रीत आपल्याकडे आधीपासून आहे. विद्यापीठात ती पोचलेली नाही.

पोचवायला फार पैसा लागत नाही, वेळ लागतो, आणि तो कागदावर मंजूरही आहे. केंद्र सरकारने २०२२मध्ये वैज्ञानिक सामाजिक जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. प्रत्येक शास्त्रज्ञाने वर्षातले किमान दहा दिवस आपलं ज्ञान समाजापर्यंत नेण्यासाठी द्यावेत, असं त्यात म्हटलं आहे. पीएच.डी.ला प्रवेश घेणाऱ्याला प्रकाशनाच्या नीतिमत्तेचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम आता सक्तीचा आहे. त्याच धर्तीवर, ज्यांचं संशोधन पाणी, शेती किंवा आरोग्यावर आहे, त्यांनी तोंडी परीक्षेआधी ज्या तालुक्यात नमुने गोळा केले त्या तालुक्यात एक सादरीकरण करावं, अशी अट घालता येईल. आष्टी आणि कड्याची महाविद्यालयं छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. सभागृह तिथे आहे, मराठी आणि विषय दोन्ही जाणणारे प्राध्यापक आहेत. त्यांनी संशोधकाला आधी दोन दिवस बसवून गावातले प्रश्न ऐकवावेत: मातीचा, पाण्याचा, पैशाचा आणि वेळेचा. मग बोलणं अर्ध्या तासाचं, आणि प्रश्नांना वेळ त्याच्या दुप्पट. सभा ऑक्टोबरच्या आत व्हावी, कारण त्यानंतर निम्मे श्रोते ऊसतोडीला गेलेले असतील. बायकांसाठीची बैठक वेगळी आणि त्यांच्या सोयीच्या वेळी घ्यावी. विचारलेला प्रत्येक प्रश्न लिहून घ्यावा आणि ती यादी प्रबंधाच्या शेवटी परिशिष्ट म्हणून छापावी. ज्यांना संशोधकाकडे उत्तर नव्हतं ते प्रश्नही त्यात असावेत, विचारणाऱ्याच्या गावाच्या नावासह, म्हणजे पुढच्या वर्षी विषय शोधत येणाऱ्या विद्यार्थ्याला मार्गदर्शक ती यादी पुढे करू शकेल.